काळ्या कापडाचा चोर

१

टेलरमास्तरांच्या दुकानात चोरी झाली आणि चोर जाताना कुलूप लावून गेला. आता याला काय म्हणावं? मास्तरांनी सकाळी नेहमीसारखी कमरेच्या दोऱ्याची किल्ली काढली, कुलूप उघडलं, शटर वर ढकललं आणि कापायच्या टेबलाकडे बघून असे ओरडले, की शेजारच्या चष्म्याच्या दुकानात ताईंच्या हातातली काच पडता पडता राहिली.

ताई म्हणजे चष्मेवाल्या ताई. रांगेतली सगळी दुकानं त्यांना ताईच म्हणायची. नवरा गेल्यापासून दुकान एकटीने चालवत होत्या, आणि नसत्या उठाठेवी करण्यात त्यांचा हात कोणी धरला नसता. तसं त्या स्वतःच कौतुकाने सांगायच्या.

त्या धावत गेल्या. मास्तर टेबलाला धरून उभे होते.

"गेलं, ताई. सगळं कापलेलं कापड गेलं. उद्या पहिली ट्रायल होती."

समोर काचेची उंच इमारत उभी राहिली तेव्हापासून रांगेला उतरती कळा लागली होती. बेकरी गेली, वाचनालय गेलं, त्यांच्या जागी मोबाइलची कव्हरं आली. उरलेली जुनी माणसं एकमेकांना धरून होती आणि एकमेकांवर डोळाही ठेवून होती. अशात त्याच इमारतीच्या दारावरच्या लोकांचे गणवेश शिवायचं काम मास्तरांना मिळालं. गडद निळे कोट आणि खाली घालायला फिकट शर्ट. मास्तर महिनाभर छाती काढून चालत होते.

"कुलूप तोडलेलं नाही, शटरवर ओरखडा नाही," लाँड्रीवाला दारातून म्हणाला. तो कधी येऊन उभा राहिला ते कळलंच नव्हतं. "कुलूप न तोडता उघडणारा या रांगेत एकच माणूस आहे, मास्तर. मी नाव घेत नाही."

नाव घ्यायची गरजच नव्हती. तिघांनीही जिन्याखाली बघितलं. तिथे टेबलाएवढ्या जागेत किल्लीवाला कानस घेऊन बसला होता. त्याने एकदा वर पाहिलं आणि मान पुन्हा खाली घातली.

त्या मान खाली घालण्याने त्याचा घात केला. मास्तरांनी त्याला सगळ्यांसमोर चोर म्हटलं, त्याचं 'मी नाही केलं' कुणी ऐकलंच नाही, आणि दुपारपर्यंत रांगेत ठरूनही गेलं. संध्याकाळी सगळ्यांनी जमायचं आणि किल्लीवाल्याला जागा सोडायला सांगायचं.

२

ताई त्याच्यासमोरच्या स्टुलावर जाऊन बसल्या.

"काका, खरं सांगा. तुम्ही उघडलं?"

"नाही."

"मग सकाळी मान का खाली घातली?"

किल्लीवाल्याने कानस बाजूला ठेवली. माणूस सरळ होता. रांगेतल्या निम्म्या घरांची कुलपं त्याने उघडून दिली होती आणि चहाच्या एका पेल्याखेरीज त्याने कुणाकडून काही घेतलं नव्हतं. पण एकदा किल्लीवाल्यावर चोरीचा शिक्का बसला की त्याच्याकडे किल्ली कोण देणार? दुसरीकडे जाऊन बसायचं तरी कुठे? नाव आधी पोचतं आणि माणूस मागून.

"ताई, तुम्ही विचारताय म्हणून एवढंच सांगतो," तो म्हणाला. "मास्तरांच्या कुलपाची एक किल्ली मी अलीकडेच करून दिली. साबणावर ठसा आणला होता."

ताईंच्या अंगावर काटा आला. "कुणी आणला होता?"

"ते नाही सांगणार."

"अहो, गळ्याशी आलंय तुमच्या!"

"आलंय ना. पण माझ्या धंद्याचे दोन नियम आहेत. कुलूप ज्याचं, त्याच्या घरच्या माणसालाच किल्ली. आणि कुणी करून घेतली, कशाला घेतली, ते दुसऱ्याला सांगायचं नाही. किल्ली करणाऱ्याने तोंड उघडलं की गावातलं एकही कुलूप कुलूप राहत नाही."

"आणि जागा गेली तर?"

"गेली तर गेली." आवाज मात्र बसला होता. "मला भीती वाटते, ताई. घरी अजून सांगितलेलं नाही. पण हे नाही सांगणार."

ताई उठल्या. घरचं माणूस! मास्तरांना मूलबाळ नव्हतं. घरी एक बायको, जिला सगळे वहिनी म्हणत. आणि एक भाचा. याच दुकानात लहानाचा मोठा झाला, मामाच्या हाताखाली शिकला, आणि सहा-सात महिन्यांपूर्वी भांडून समोरच्या काचेच्या इमारतीत तयार कपड्यांच्या दुकानात गेला.

गणवेशांचं काम मामाला मिळालं, ते त्या दुकानालाही हवं होतं.

३

भाच्याकडे जाण्याआधी ताई लाँड्रीत डोकावल्या. लाँड्रीवाल्याला किल्लीवाल्याला घालवायची घाई जरा जास्तच होती, आणि ती का, हे ताईंना पाहायचं होतं.

दाराशी बसून तो गिऱ्हाइकांचे मोजे जोड्याने लावत होता. काळ्यात काळा, निळ्यात निळा. दिवा लावलेला नव्हता, बाहेरच्या उजेडात त्याचं झकास चाललं होतं.

"जिन्याखालची जागा मोकळी झाली तर इस्त्रीचं टेबल तिथे छान बसेल, नाही?" ताईंनी सहज विचारलं.

तो चपापला. "बसेल की. पण म्हणून मी चोरी करेन होय? आणि करायचीच तर काय चोरू? अर्धवट कापलेल्या बाह्या? अहो, त्यांनी धड पुसतासुद्धा येत नाही."

बोलणं वाकडं असलं तरी मुद्दा बिनतोड होता. निघताना ताईंना कोपऱ्यात एक गाठोडं दिसलं. त्याला कापडाच्या काठाच्या पट्टीची गाठ होती. रांगेत अशी गाठ मारायची सवय एकाच दुकानाला होती. बघायला त्या वाकणार, तोच लाँड्रीवाल्याने पायाने ते मागे सारलं.

"गिऱ्हाइकाचं आहे. उघडायचं नाही म्हणून बजावलंय."

ताईंनी काही बोलायचं टाळलं. चोर म्हणून ओरडणाराच घरात माल ठेवून बसतो, असंही असतं जगात.

भाचा काचेच्या इमारतीत पँट आखूड करत बसला होता. मामाच्या दुकानात चोरी झाल्याचं ऐकून त्याचं तोंड पडलं, पण तोंड पाडणं अवघड नसतं, हे ताईंना ठाऊक होतं.

"काय काय गेलं?" त्याने विचारलं.

"गणवेशाचे कापलेले कोट. आणि त्या पेन्शनर आजोबांच्या काळ्या कोटाचे तुकडे."

"आजोबांच्या? ते कशाला नेईल कोणी? आणि शर्ट?"

"शर्ट आहेत. कापलेले, जसेच्या तसे."

"विचित्रच," भाचा म्हणाला. मग हळूच म्हणाला, "ताई, मी काम पळवायला दुकान सोडलं नाही. मामा मला कापायलाच देईनात. मी दिवा जरा सरकवला तर अंगावर आले. म्हणाले, उजेड तिथेच हवा. पूर्वी असे नव्हते हो. मला आजही वाईट वाटतं."

"किल्ली आहे तुझ्याकडे?"

"नाही."

त्याने डोळ्याला डोळा दिला नाही. आता डोळे ओलावल्यामुळे म्हणावं, की खोटं बोलल्यामुळे?

४

मास्तर पोलिसांत जाऊ का, म्हणून रांगेच्या टोकाच्या न्हाव्याकडे सल्ला विचारायला गेले होते. ताई त्यांच्या दुकानात एकट्याच शिरल्या. चपला बाहेर काढल्या, कारण मास्तर मशीन नेहमी अनवाणी चालवायचे आणि पायाखालची जमीन स्वच्छ हवी म्हणून दुकानात चप्पल चालायची नाही.

टेबलावर सोडलेल्या पट्ट्या पडल्या होत्या. गठ्ठे बांधायच्या त्या पट्ट्या. म्हणजे चोराने इथेच गठ्ठे सोडले, तुकडे बघितले, हवे ते घेतले. मागच्या फळीवर गडद निळ्या कापडाचा न कापलेला अख्खा तागा होता. त्याला हात लागलेला नव्हता. शेजारी फिकट करड्या रंगाचा एक सूट, कापून तयार. सगळ्या दुकानात तेच महागातलं महाग कापड, तेही तसंच पडलेलं.

ताई मास्तरांच्या स्टुलावर बसल्या आणि बोटांवर एकेक मुद्दा मोजू लागल्या.

पैशासाठी चोरी केली असती तर तागा गेला असता. तो विकता येतो. कापलेली बाही कोण घेणार? म्हणजे लाँड्रीवाला नाही आणि किल्लीवालाही नाही. मामाचं काम बुडवायला केली असती तर गणवेशाचे शर्टही गेले असते, आणि पेन्शनर आजोबांचा कोट राहिला असता. म्हणजे भाचाही नाही.

मग चोराने नेलं तरी काय? कापलेलं तेवढंच, आणि त्यातलं गडद तेवढंच. चोराला कापडाशी कर्तव्य नव्हतं. त्याला कापण्याशी होतं.

पाय खाली सोडताना त्यांनी सवयीने जमिनीकडे पाहिलं. गठ्ठे सोडले तर टाचण्या पडणारच. एकही नव्हती. सगळ्या टाचण्या डबीत होत्या, आणि डबी टेबलाच्या कडेला झाकण लावून ठेवलेली होती. सकाळपासून मास्तरांनी इथे कशालाही हात लावला नव्हता, हे त्यांनीच दहा जणांना सांगितलं होतं.

चोरी करायला आलेलं माणूस खाली वाकून टाचण्या वेचतं. कुणाच्या तरी अनवाण्या पायाला टोचू नये म्हणून.

ताईंनी वर पाहिलं. टेबलावर तीन दिवे टांगलेले होते. 'समोरच्या इमारतीने आमचा उजेड खाल्ला' असं म्हणत मास्तरांनी एकेक करून ते लावले होते आणि ताईंनीही मान डोलावली होती. त्यांच्या स्वतःच्या दुकानात दिवसभर दिवे असायचे, त्यांना काय कळणार? पण मधे एकच भिंत सोडून लाँड्रीवाला दिवा न लावता काळे-निळे मोजे निवडत होता.

उजेड रांगेत होता. तो मास्तरांच्या डोळ्यांत नव्हता.

"अगं बाई," ताई पुटपुटल्या. आयुष्यभर लोकांचे डोळे तपासले आणि शेजारच्या माणसाचे राहून गेले. त्यांना स्वतःचा भयंकर राग आला.

५

वहिनी घरी काजं करत बसल्या होत्या. ताईंना बघून सुई थांबली.

"किल्ली तुम्ही करून घेतलीत," ताई म्हणाल्या. "आणि गाठोडं लाँड्रीत आहे."

वहिनींनी नाही म्हटलं नाही. पदराने तोंड दाबून थोडा वेळ रडल्या, मग एका दमात बोलल्या.

"फिकट कापड त्यांना दिसतं हो. गडद नाही दिसत. थरावर थर टाकून कापताना सुलटी बाजू ओळखावी लागते, ती त्यांना कळेना. मी काल दुपारी शिवायला म्हणून तुकडे जुळवले, तर कोटाला दोन्ही बाह्या डाव्या. एका नाही, कितीतरी कोटांना. आजोबांच्या कोटाचंही तेच. उद्या ट्रायलला त्या इमारतीतली पोरं हसली असती त्यांना. रांगेसमोर हसली असती."

"मग त्यांनाच का नाही सांगितलं?"

"त्यांच्या थोरल्या भावाचं डोळ्याचं ऑपरेशन बिघडलं होतं. तेव्हापासून डोळ्याचं नाव काढलं की घर डोक्यावर घेतात. तुमच्या दुकानाची पायरी कधी चढले का? किल्ली मी आधीच करून घेतली होती. ते नसताना जाऊन चुकलेलं गुपचूप उसवायचे, नीट करायचे. पण कापलेलं कसं नीट करणार? चोरी झाली म्हटलं तर काम मानाने सुटेल, असं वाटलं."

"आणि किल्लीवाले काका?"

वहिनींनी सुई कापडात खोचून ठेवली.

"कुलूप तोडायचं सुचलं नाही?"

"आपल्याच दुकानाचं कसं तोडू?" त्या म्हणाल्या. "मला वाटलं, दोन दिवस लोक बोलतील आणि विसरतील."

"लोक विसरतील. त्याची जागा जाईल ती परत येणार नाही. वहिनी, मला तुमची दया येते आणि तुमचा रागही येतोय. संध्याकाळी तुम्ही बोला. नाहीतर मी बोलेन."

"ताई, ते मला कधी माफ करणार नाहीत."

ताई तशाच निघून आल्या.

६

संध्याकाळी लाँड्रीसमोर सगळे जमले. किल्लीवाल्याने कोणी सांगायच्या आधीच सामान पेटीत भरलं होतं. मास्तर मधोमध उभे होते. वहिनी भिंतीला टेकून उभ्या होत्या, आणि त्यांचा चेहरा ताईंना बघवेना.

"इतकी वर्षं शेजारी बसलास," मास्तर किल्लीवाल्याला म्हणाले. "सणसणीत दोन शब्द ऐकव. मी नाही केलं म्हण. काहीतरी म्हण."

"सकाळी म्हटलं होतं. तुम्ही ऐकलं नाहीत."

"मग किल्ली कुणाला करून दिलीस ते सांग." ही बातमी लाँड्रीवाल्याच्या तीक्ष्ण कानांनी पोचवली होती.

किल्लीवाल्याने पेटी उचलली. ताईंनी वहिनींकडे बघितलं. वहिनी जागच्या हलल्या नाहीत. ताईंनी घसा साफ केला, आणि तेवढ्यात वहिनींचा आवाज आला.

"मला करून दिली."

सगळ्यांच्या माना भिंतीकडे वळल्या.

"मीच नेलं कापड," वहिनी म्हणाल्या. "गाठोडं लाँड्रीत आहे. लाँड्रीवाल्यांना माहीत नाही त्यात काय आहे. काकांनी काही केलेलं नाही. त्यांनी फक्त माझं नाव घेतलं नाही."

"तू?" मास्तर वहिनींकडे वळले. "अगं, का?"

वहिनींनी लाँड्रीच्या दाराकडे बोट केलं. एवढ्या लोकांत ते कसं सांगायचं? बायकोने सांगायची ती गोष्ट नव्हतीच. ताईंनाही कळत होतं की इथून पुढे बोलायचा हक्क त्यांचा नाही.

लाँड्रीवाल्याने मुकाट्याने गाठोडं आणून ठेवलं. मास्तर गुडघ्यांवर बसले. पट्टी सोडली. एक बाही काढली, दुसरी काढली आणि दोन्ही डोळ्यांजवळ नेल्या. मग डोळे मिटले आणि बोटांनी चाचपल्या. कडेवरून, खांद्याच्या गोलाईवरून, पुन्हा कडेवरून. बोटांना अजून सगळं येत होतं. त्यांनी तिसरी काढली, चौथी काढली. पुढे काढली नाही.

त्या वेळी कोणी खाकरलं असतं तरी ताईंनी त्याला झोडपलं असतं.

"दोन्ही डाव्या आहेत," मास्तर म्हणाले. आधी स्वतःशी, मग मान वर करून सगळ्यांना ऐकू जाईल असं. "मी कापल्यात. मला गडद कापड दिसत नाही. बरेच दिवस दिसत नाही. समोरच्या इमारतीला शिव्या देत होतो, पण दोष माझ्या डोळ्यांचा आहे. काम मी इमारतवाल्यांना परत देतो. चोरीबिरी काही झालेली नाही."

वहिनी रडत होत्या. त्यांच्याकडे न बघताच मास्तरांनी हात मागे केला आणि त्यांनी तो धरला.

"मोतीबिंदू असेल," ताई हळूच म्हणाल्या. "बरा होतो तो, मास्तर. भावाचं झालं तसं सगळ्यांचं होत नाही."

"उद्या बोलू त्याचं," मास्तर म्हणाले. "आधी याचं." ते उठले आणि किल्लीवाल्यासमोर जाऊन उभे राहिले. "तुला चोर म्हणालो. सगळ्यांसमोर म्हणालो. सगळ्यांसमोरच सांगतो, चुकलो. मला माफ कर."

सगळ्यांना वाटलं, आता किल्लीवाला हात धरेल, चहा मागवला जाईल आणि पडदा पडेल. लाँड्रीवाला तर चहावाल्याला हाक मारायच्या बेतात होता.

किल्लीवाल्याने पेटी खाली ठेवली.

"वहिनींवर माझा राग नाही," तो म्हणाला. "त्यांनी एक किल्ली मागितली, मी दिली. मास्तर, तुमचे डोळे गेले आत्ता-आत्ता. पण मी तुमच्या शेजारी पंचवीस वर्षं बसलोय, तेव्हा तर ते धड होते ना? तेव्हापासून बघत आलात ना मला?"

मास्तरांनी मान खाली घातली.

"मी इथेच बसणार आहे," किल्लीवाला म्हणाला. "जागा माझी आहे. पण आज तुमच्याशी बोलणार नाही. कधी बोलेन, तेही आत्ता सांगता येत नाही."

त्याने पेटी उघडली आणि सामान एकेक करून पुन्हा मांडायला घेतलं. मास्तर तिथेच उभे राहिले. कुणी हलेना, तेव्हा ताईंनीच सगळ्यांना आपापल्या दुकानात जायला सांगितलं.